बेटावरच्या बाईपाशी कोण बसलं होतं

आमच्या गावात नवीन माणूस भेटला की नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, तू कुणाची? म्हणजे तुझे आईवडील कोण, आजा कोण, कुठल्या जहाजातून आले, कुठल्या गल्लीत राहिले. गाव म्हणजे सेंट जॉन, कॅनडाच्या पूर्वेचं बंदर. टोरोंटोकडची आपली माणसं ह्याला हमखास न्यूफाउंडलंडमधलं सेंट जॉन्स समजतात आणि मी आता त्यांना दुरुस्त करायचंही सोडून दिलंय. धुकं, कागदाच्या गिरणीचा वास आणि आयरिश, ह्या तीन गोष्टी ह्या गावात चुकवतो म्हटलं तरी चुकत नाहीत. इथला खाटीक आयरिश, दाताचा डॉक्टर आयरिश, आणि ज्याच्या सात पिढ्यांत कुणी आयर्लंड पाहिलेलं नाही तोसुद्धा आयरिश.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या मायक्रोस्कोपवरच्या बाईनं मला तेच विचारलं, तुझी माणसं कोण? माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. बिचारीला कळेचना, आपण काय वावगं विचारलं. तिला काय सांगणार? हा प्रश्न मी मिरजेहून इथवर सोबत घेऊन आले होते. आमचं घर बौद्ध, वडील धर्मांतराच्या पिढीतले. ‘तुम्ही कुठल्या? म्हणजे मूळच्या?’ ह्या प्रश्नाला दोन मजले असतात, हे मला शाळेतच कळलं होतं. वरच्या मजल्यावर गाव विचारतात आणि खालच्या मजल्यावर जात. टोरोंटोच्या मराठी जमावात अजूनही आडनाव ऐकलं की लोक हळूच बेसमेंटमध्ये डोकावून येतात. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. आजोबांच्या मागचं एकही नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. ती नावं लक्षात ठेवावीत असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

माझ्या शेजारणीचं उलट. तिला विचारायची सोय नव्हती, ती न विचारता सांगायची. आम्ही घर घेतलं तेव्हा आमच्या सामानाचा ट्रक अजून दारात उभा होता आणि ही बाई हातात पाव घेऊन हजर. पाव खालून करपलेला. तो तिचा सोडा घातलेला आयरिश पाव पुढे जवळजवळ चाळीस वर्षं मी खाल्ला आणि तो दर वेळी खालून करपलेलाच होता. बंदराच्या ऑफिसात ती टायपिंग करायची, नवरा गोदीत कामाला, एकच मुलगी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. इंग्रजीत तू आणि तुम्ही असलं काही नसतं, पण मनातल्या मनात मी तिला पहिल्यापासून ‘तू’च म्हणत आले.

तिच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून बंदराच्या तोंडावरचं बेट दिसतं. म्हणजे धुकं नसेल तेव्हा दिसतं. पूर्वी जहाजातून येणाऱ्या आजारी माणसांना त्या बेटावर उतरवून वेगळं ठेवायचे. आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं, माणसं उपाशी मरायला लागली, आणि जी जहाजात चढू शकली ती ताप घेऊन इथे आली. पुष्कळशी त्या बेटावरच गेली. चर खणून त्यात पुरली. पुढे त्यांच्यासाठी तिथे एक उंच दगडी क्रूस उभा केला. आता बेटावर जायला परवानगी नाही, वाट धोक्याची आहे म्हणतात. लांबून बघायचं.

तिची खापरपणजी त्या चरात आहे. हे तिनं मला त्या पहिल्या पावाबरोबरच सांगितलं. खापरपणजीला ताप होता म्हणून तिला एकटीला उतरवून घेतलं आणि नवऱ्याला तान्ह्या पोरासकट जहाजावरच थांबवून ठेवलं. तो खाली उतरला तेव्हा बायको गेलेली, पुरलेली. घरच्यांना एवढंच माहीत. तिचं वय माहीत नाही, रूप माहीत नाही. माझ्या शेजारणीला त्यातली एकच गोष्ट खात होती. ती मरताना, आणि मेल्यावर मातीत जाईपर्यंत, तिच्यापाशी कुणी बसलं होतं का? कुणा दुसऱ्याच्या आईनं, कुणा परक्या बाईनं, जिला थोडी ताकद उरली होती तिनं? ती हे मला इतक्या वेळा विचारायची, की जणू मी त्या बेटावर नोकरीला होते.

त्या एका गोष्टीवरून त्यांच्या घरात नियम पडला होता. घरातलं माणूस गेलं की शेवटच्या श्वासापासून मातीपर्यंत त्याला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. कुणीतरी बसायचंच. आळीपाळीनं बसा, पत्ते खेळत बसा, भांडत बसा, पण बसा.

हा नियम मला कळला तो तिचा नवरा गेला तेव्हा, आणि तो असा कळला की हसावं की रडावं. आम्ही दोघं पांढरे कपडे घालून तिच्या घरी भेटायला गेलो. पुढच्या खोलीत तो पेटीत निजवलेला, आणि भोवती ही गर्दी. चहा चाललाय, सँडविचेस फिरतायत, कोपऱ्यात कुणी फिडल वाजवतोय, आणि मेलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून त्याचेच मित्र त्याच्यावर विनोद सांगतायत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. आपल्याकडे कसं, मयताच्या घरी गेलं की गप्प जायचं, गप्प बसायचं. आपण होऊन काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही. त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि निघताना ‘येते’ म्हणायचं नाही, कारण अशा घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये. तर आम्ही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर मान खाली घालून बसलो. कुणी सँडविच पुढे केलं की हात जोडायचो. मग काही वेळानं उठलो आणि कुणालाही न सांगता मागच्या दारानं घरी आलो. आपण अगदी रीतीनं वागलो, असं आम्हाला वाटत होतं.

दफन झालं आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात. डोळे सुजलेले, हाताची घडी घातलेली. म्हणाली, आमचं काही चुकलं का? तुम्ही आमच्या घरात पाणीसुद्धा प्यायला नाहीत, माझ्या नवऱ्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, आणि चोरासारखे निघून गेलात. मी कपाळाला हात लावला. तिला आत बसवून आमची रीत समजावून सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे मेलेल्या माणसाला कुणी काही सांगतच नाही? मी म्हटलं, नाही, आम्ही मनात म्हणतो. त्यावर ती इतकी हसली, की नवरा गेल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसणं असावं. तेव्हापासून तिनं आमचं नाव ‘गप्प माणसं’ ठेवलं. दिवाळीला चकल्या घेऊन गेले की आतून ओरडायची, गप्प माणसं आली गं.

मग ती साथ आली. जगात आली तशी इथेही आली. ह्यांना श्वास लागला आणि ॲम्ब्युलन्सनं नेलं, ते गेलेच. ज्या लॅबमध्ये मी जन्म काढला तिच्या दोन मजले वर ते झोपले होते आणि मला इमारतीत पाऊल टाकायची मनाई. दारावरचा सिक्युरिटीवाला माझ्या ओळखीचा. त्यालाही वाईट वाटत होतं, पण त्याच्या हातात काय होतं? शेवटचं म्हणून नर्सनं टॅबलेट धरला, त्यात ह्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं. आमचा मुलगा टोरोंटोजवळच्या एटोबिकोत, तो निघू शकला नाही. त्रिशरण-पंचशील आम्ही आपापल्या स्वयंपाकघरांतून फोनवर म्हटलं, आणि मध्येच लाइन तुटली. मला आजही त्याचा राग येतो. कुणाचा, ते सांगता येणार नाही. पण येतो.

मी घरात भिंतीकडे बघत बसलेली असताना शेजारीण अंगणात येऊन उभी राहिली, मास्क लावून, लांबच. म्हणाली, कोट घाल आणि तुझ्या गाडीनं माझ्या मागून ये. समुद्रालगत एक बाक आहे, तिथे आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. समोर बेट असणार, पण धुक्यात काही दिसत नव्हतं. त्या दिवशी हॉस्पिटलमधून ह्यांना परस्पर दहनासाठी नेणार होते, मला कुठेच जाता येणार नव्हतं. तोवर आम्ही तिथे बसून राहिलो. ती फार बोलली नाही, जे तिला अवघडच होतं. शेवटी म्हणाली, “ह्या गावात जवळजवळ प्रत्येक घरात असं एक माणूस आहे, ज्याच्यापाशी कुणाला बसू दिलं नाही. आता तुझ्याही घरात आहे.”

मी तेव्हा ढसाढसा रडले. मार्चमधल्या आयरिश सणाच्या मिरवणुका, हिरव्या टोप्या, पबच्या दारावरची ती आयरिशांची खूण असलेली तीन पानं, हे सगळं मला तोवर पोरखेळ वाटायचं. ही माणसं कशाला एवढी आयरिश आयरिश करत नाचतात, असं वाटायचं. त्या बाकावर मला पहिल्यांदा समजलं, की हे गाव कुणा शूर लोकांनी वसवलेलं नाही. ज्यांना आपल्या माणसापाशी बसता आलं नाही, अशा लोकांनी ते वसवलेलं आहे, आणि ते शल्य त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यानंतर मला कुणी ‘तू कुणाची’ विचारलं, तर पूर्वीइतकं टोचलं नाही.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. घरात जिना, न्हाणीघर वर, शेवटी तिला नर्सिंग होममध्ये जावं लागलं. मुलगी अल्बर्टात, तेलाच्या कंपनीत. इथली तरणी पोरं सगळी पश्चिमेलाच जातात, गावात म्हातारी माणसं आणि त्यांचे पूर्वज एवढेच उरतात. मुलगी वाईट नाही, रोज फोन करायची, पण सगळं फोनवरून. उंटावरून शेळ्या हाकणं ते. मी आठवड्यातून दोनदा-तीनदा जायचे. पत्ते खेळायचो. ती डोळ्यांदेखत लबाडी करायची आणि पकडलं की म्हणायची, मरणाऱ्या बाईला जिंकू दे की. एकदा, पानझडीचे दिवस होते, तिनं पत्ते खाली ठेवले.

“माझी मुलगी पोचायला वेळ लागेल,” ती म्हणाली. “ती येईपर्यंत तू बस. मला एकटीला ठेवू नकोस.”

मी म्हटलं, बसेन. आणि बोलशील ना, तिनं विचारलं. तुमच्यासारखी गप्प नाही ना बसणार? मी म्हटलं, बोलेन बाई, तुझी सगळी लबाडी चारचौघांत सांगेन. ती खूश झाली. पुन्हा पत्ते वाटायला घेतले आणि वाटतानाच एक पान मांडीखाली सरकवलं.

फेब्रुवारीत ती गेली. पहाटे गेली, नर्स जवळ होती, हात धरून होती, एवढं देवाघरचं देणं. मला फोन आला तोपर्यंत मयताची व्यवस्था बघणाऱ्या फ्युनरल होमची माणसं तिला घेऊन गेलेली. मुलीनं सगळी व्यवस्था आधीच फोनवरून करून ठेवली होती. मी तिला फोन केला, तर ती विमानतळावर. म्हणाली, तिकडे वादळ येतंय, फ्लाइट्स रद्द होतायत, मी कशी पोचू? रडत होती. मी तिला फ्युनरल होमचं नाव विचारलं आणि म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी जाते तिच्यापाशी. किती ऐटीत म्हटलं मी ते.

पांढरी साडी नेसले, वर जाड कोट, पायांत बर्फाचे बूट. फावडं घेऊन पायऱ्यांवरचा कालचा बर्फ शोव्हल केला, मग टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर कुरकुरत होता, आजी, अशा दिवशी कुठे निघालात. फ्युनरल होमच्या दारात पोचले तेव्हा बर्फ पडायला लागलाच होता. काउंटरवरची बाई फोनवर होती, वादळामुळे कुणाचे तरी कार्यक्रम पुढे ढकलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, मान तिरकी करून दुःखी चेहरा केला आणि डावीकडच्या उघड्या दाराकडे हात दाखवला. मीही मान हलवली. मयताच्या ठिकाणी कुणी विचारतं का काही? आईनं लहानपणापासून शिकवलेलं, गप्प जायचं, गप्प बसायचं. मी गप्प आत गेले.

आत खुर्च्या मांडलेल्या, एक मंद दिवा, आणि समोर पेटी. बंद. मला वाटलं, मुलगी यायचीय म्हणून बंद ठेवली असेल. दाराबाहेर नावाची पाटी लावायची जागा होती, ती रिकामी होती. म्हटलं, वादळाच्या गडबडीत राहिली असेल. एवढी मोठी खोली आणि एक माणूस नाही. मला तिच्या आयरिश गोतावळ्याचा संताप आला. मार्चमध्ये छाती पुढे काढून चालणारे सगळे कुठे गेले आता? बर्फाला भ्यायले? मी पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून अगदी पेटीला लागून बसले. पंचशील म्हटलं. मग आठवलं की बोलायचंय.

आधी जीभ रेटेना. सत्तरी उलटलेली बाई मी, रिकाम्या खोलीत एकटीनं बोलायचं म्हणजे वेड लागल्यासारखं. पण शब्द दिला होता. मग पावापासून सुरुवात केली. मराठीत सुरू केलं आणि इंग्रजीत गेले आणि परत मराठीत आले. तिचा करपलेला पाव, पत्त्यांतली लबाडी, माझ्या मुलाला तिनं शिकवलेल्या शिव्या, ह्यांनी तिच्या बेसमेंटमधलं पाणी उपसलं ती रात्र. एका गोष्टीला मला इतकं हसू आलं की पदरानं तोंड दाबलं. मग तिच्या खापरपणजीचं बोलले. म्हटलं, आता तूच तिला भेटून विचार की कोण बसलं होतं, आणि मला काय ते कळव. पेटीवर हात ठेवला होता मी. लाकूड गार होतं. खिडकीबाहेर बर्फ इतका दाट होता की रस्ता दिसेना. मी दुपारी जेवले नाही, वॉशरूमला गेले तेवढीच उठले आणि तेव्हाही पेटीला सांगून गेले, आलेच गं म्हणून. मला बरं वाटत होतं. ह्यांच्यापाशी जे बसता आलं नाही ते मी तिथे बसून घेत होते, असं वाटत होतं.

संध्याकाळी काउंटरवरची बाई आत आली. म्हणाली, वादळ वाढतंय, आम्ही लवकर बंद करतोय, तुम्हाला टॅक्सी बोलावते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही आलात ते फार बरं झालं. त्याच्यासाठी कुणीच येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं.”

मी म्हटलं, कुणासाठी?

मग उलगडलं. पेटीत एक म्हातारा होता. गोदीजवळ भाड्यानं खोल्या देणाऱ्या कुठल्याशा घरात एकटा राहायचा, पुढेमागे कुणी नव्हतं. चर्चमधलं कुणीतरी प्रार्थना म्हणायला येणार होतं, तेही वादळामुळे रद्द झालं. मी त्याचीच कुणी असेन असं तिनं धरलं. माझी शेजारीण? तिला सकाळीच, बर्फ सुरू व्हायच्या आत, गावाबाहेरच्या दाहगृहात पाठवलं होतं. मुलीनं साधी व्यवस्था सांगितली होती, भेटीचा कार्यक्रम नाही, काही नाही. तिकडे त्यांची थंड खोली असते, पाळी येईपर्यंत तिथे ठेवतात. तिथे आत्ता कुणी आहे का, मी विचारलं. नाही, वादळामुळे सगळे घरी गेले. मला तिथे जाता येईल का? रस्ता बंद होता.

मी त्या बाईवर ओरडले. सकाळी सांगता आलं नाही का तुम्हाला? ती गांगरली. हळूच म्हणाली, तुम्ही विचारलंच नाही हो. आणि खरंच की. एक वाक्य विचारलं असतं, ती कुठे आहे, तर त्याच टॅक्सीनं वेळेत पोचले असते. एवढी शिकलेली बाई मी, आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं, नळीवर कुणाचं नाव आहे ते बघितल्याशिवाय कधी हात लावला नाही. आणि इथे रीत म्हणून तोंड मिटून बसले. टॅक्सीत बसून घरी निघाले. ती तिकडे अंधारात एकटी होती आणि मी दिवसभर तिच्या गोष्टी एका परक्या माणसाला सांगत होते.

मुलगी तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो, मध्ये टेबलावर राखेचा डबा. तो ती हँडबॅगेतून अल्बर्टाला नेणार होती. घर विकायचं होतं. तिनं चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि मग विचारलं.

“गेल्यानंतर आईजवळ कुणी होतं का?”

टॅक्सीपासून ते त्या घडीपर्यंत मी उत्तर जुळवत आले होते. दिवसभर बसले होते म्हणायचं, झालं. खोटं काय त्यात? पण ती तिच्या आईसारखंच बघत होती, आणि माझ्यानं झालं नाही.

“नव्हतं,” मी म्हटलं. “मी चुकीच्या पेटीजवळ बसले.”

सगळं सांगितलं. आधी ती हसली, अगदी आईसारखं, पोट धरून. मग रडली. मग डोळे पुसून तिनं ह्या गावच्या मुलीनं विचारावं तेच विचारलं, तो म्हातारा कुणाचा होता? मी म्हटलं, कुणालाच माहीत नाही. ती म्हणाली, मग बरंच झालं. आई म्हणाली असती, त्याच्यापाशीही कुणीतरी बसायला हवं होतं. खापरपणजीपाशीही अशीच कुणी परकी बाई बसली असेल, आई नेहमी म्हणायची तशी.

मला बरं वाटावं म्हणून ती बोलत होती, कळत होतं मला ते. पण माझं डोकं फिरलं. “आणि तुझ्या आईपाशी?” मी म्हटलं. “तिच्यापाशी कोण बसलं?” तिनं राखेचा डबा आपल्याकडे ओढून घेतला. चहा तसाच निवला. निघताना मी मुद्दाम, अगदी मोठ्यानं, येते म्हटलं.

मार्चमध्ये गाव पुन्हा हिरवं झालं. ग्रोसरीच्या दुकानात हिरवी टोपी घातलेल्या एका बाईनं माझ्या कोटाला कागदाची तीन पानं टोचली, आज सगळेच आयरिश म्हणत. मी ती काढून खिशात टाकली. शेजारच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली आहे. तिच्या पुढच्या खोलीचे पडदे कुणी काढून नेले, त्यामुळे आता माझ्या अंगणातून त्या खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार बेट दिसतं. मी फारशी बघत नाही.

मुलगा दर रविवारी फोन करतो. मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत. आई, आता तिकडे कोण आहे तुझं, इकडे ये, आमच्या बिल्डिंगमध्येच एक छोटा कॉन्डो आहे, विंटर टायर्सची कटकट नाही, शोव्हल करणं नाही. मी ऐकून घेते. गेल्या रविवारी मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, कॉन्डोचं नंतर बघू, आधी एक गोष्ट नीट ऐक. मी गेले की तू निघशील, वादळ असेल, उशीर होईल, ते सगळं मला समजतं. पण पोचलास की रीतभात बाजूला ठेव.

“आत गेल्यागेल्या विचार, माझी आई कुठे आहे,” मी म्हटलं. “आपल्यासारखा गप्प बसू नकोस.”

पलीकडे तो गप्प बसला.